एकट्याची कनू आणि स्मॉलमाऊथ बास : ईलीतील एका आउटफिटरच्या सेवेचा अनुभव

मिनेसोटाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंडरी वॉटर्स नावाचे सुमारे ११ लाख एकरांचे राखीव अरण्य आहे. त्यात एक हजाराहून अधिक तळी आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर मोटारबोटीला परवानगी नाही; एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे तर नाव खांद्यावर घेऊन चालावे लागते; अशा पायवाटेला पोर्टेज म्हणतात. जूनच्या मध्यावर मी तेथे पाच दिवस एकटा राहिलो, तो केवळ स्मॉलमाऊथ बास या माशासाठी. मिनिआपोलिसपासून गाडीने चार-साडेचार तासांवर असलेल्या ईली गावातील एका आउटफिटरकडून, म्हणजे अशा सफरींचे सामान पुरवणाऱ्या दुकानाकडून, नाव आणि निम्मे सामान भाड्याने घेतले होते. दुकानाचे नाव येथे देत नाही. जे सांगायचे आहे ते त्या गावातील कोणत्याही दुकानात आधी विचारून घ्यावे, असेच आहे.

एकट्याने जाणाऱ्यांना पुष्कळ दुकानदार दोघांची कनूच (वल्ह्याने चालवायची लांब, निमुळती नाव) सुचवतात, कारण ती त्यांच्याकडे भरपूर असते. या दुकानाने तसे केले नाही. त्यांनी मला वेनोना कंपनीची ‘प्रिझम’ दिली. ती साडेसोळा फूट लांबीची, केव्हलार या हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याची, मधोमध एकच बैठक असलेली नाव आहे आणि तिचे वजन सुमारे १६ किलो आहे. वजनाचा हा आकडा का महत्त्वाचा, हे पहिल्याच दिवशी कळते. मड्रो तळ्यावरून आत शिरून फोरटाउन तळे गाठेपर्यंत लागोपाठ तीन पोर्टेज आहेत आणि त्यांतील मधले सुमारे १४० रॉडचे आहे. तेथील नकाशांवर पोर्टेजची लांबी रॉडमध्येच लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ या नावेच्या लांबीइतकाच. १४० रॉड म्हणजे ७०० मीटर. परंतु एकट्या माणसाला नाव आणि सामान एका खेपेत नेता येत नसेल, तर तेच अंतर तीनदा चालावे लागते आणि ७०० मीटरचे दोन किलोमीटरहून अधिक होतात, तेही दगड, मुळे आणि चिखल तुडवत.

माझी एकमेव गंभीर तक्रार येथेच आहे. दोघांच्या कनूला ती खांद्यांवर पेलण्यासाठी मधोमध लाकडी जू कायमचे बसवलेले असते. बैलाच्या मानेवर असते त्याच अर्थाचे हे जू. मराठीत याहून नेमका शब्द मला सुचत नाही. एकट्याच्या नावेत मात्र त्या जागी बैठक असल्यामुळे जू वेगळे मिळते आणि प्रत्येक पोर्टेजला ते शिकंज्यांनी काठाला आवळावे लागते. दुकानाने जोडून दिलेल्या जुवाच्या एका शिकंज्याचा आटा झिजलेला होता. मधल्या पोर्टेजच्या उतारावर तो सुटला, नाव एका बाजूला कलली आणि तिचा काठ माझ्या कानशिलावर आदळला. इजा झाली नाही, पण जेथे हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, तेथे अशी गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. उरलेले दिवस मी ते जू दोरीने बांधून वापरले. परतल्यावर सांगितले तेव्हा मालकांनी तो शिकंजा माझ्यासमोर काढून टाकला आणि एका दिवसाचे भाडे परत दिले. त्यांचे वागणे सरळ होते. तरीही देण्यापूर्वीची तपासणी व्हायलाच हवी होती.

पाण्यावर ही नाव उत्तम चालते, मात्र वारा आणि मासेमारी एकत्र आली की तिची परीक्षा होते. हलकी नाव पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिचे पुढचे टोक हवे तिकडे फिरवतो. अन्नाचे पिंप पुढे सरकवून ठेवले की हे बरेच आवरते. त्याहून मोठी अडचण म्हणजे हातात गळाची काठी असताना वल्हे हाती नसते. मासा लागला की तो आणि वारा मिळून नाव खडकांकडे नेतात. दुकानाने यासाठी एक जाळीदार पिशवी आणि १५ मीटर दोरी दिली होती. काठावरचे दगड पिशवीत भरले की नांगर तयार होतो आणि पोर्टेजवर त्याचे ओझेही वाहावे लागत नाही. भाड्याच्या सामानातील सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरली.

सेवेतील खरी मोलाची गोष्ट मात्र नकाशासमोर बसून मिळालेला पाऊण तास. तेथील एका अनुभवी कर्मचारीबाईंनी माझ्या नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या, त्या मुक्कामाच्या जागांपेक्षा पाण्याखालच्या खडकांच्या अधिक होत्या. स्मॉलमाऊथ बास मूळचा या तळ्यांतला नाही, तो माणसाने आणून सोडला. पण खडकाळ तळ आणि भरपूर क्रेफिश (गोड्या पाण्यातले शेवंडासारखे छोटे जीव) यांमुळे तो येथे चांगलाच रुजला. वसंतात पाणी १५-१६ अंशांच्या पुढे गेले की नर उथळ खडीत घरटे करतो आणि मादी अंडी घालून गेल्यावर एकटा राखण करतो. अशा नराला ओढून काढले तर इतर मासे काही क्षणांत अंडी फस्त करतात. म्हणून घरटी दिसली तर पुढे जा आणि खोल पाण्याला लागून असलेल्या मोठ्या धोंड्यांवर प्रयत्न करा, असे त्यांनी बजावले. आपल्या ग्राहकाला कमी मासे मिळतील असा सल्ला देणाऱ्या दुकानाविषयी मला आदर वाटतो.

हॉर्स नदीतून मी बासवुड नदीत उतरलो. ही नदी म्हणजेच आंतरराष्ट्रीय सीमा. पलीकडे ओंटारिओचे क्वेटिको अरण्य आहे आणि तिकडच्या पाण्यात गळ टाकायचा तर तिथला परवाना हवा. दुकानातील त्या बाईंनी सीमारेषा नकाशावर गडद करून दिली होती. लोअर बासवुड धबधब्याच्या खाली, फेसाळ प्रवाह आणि संथ पाणी जेथे भेटतात तेथे, सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यावर तरंगणाऱ्या पॉपर नावाच्या कृत्रिम आमिषावर एक बास आला. तो तीनदा हवेत उडाला आणि नाव त्याच्यामागून सावकाश फिरत राहिली. साडेसतरा इंचांचा तो मासा पाण्यातच गळ काढून सोडून दिला. एकट्याच्या नावेत माशाची प्रत्येक ओढ थेट आपल्या बैठकीपर्यंत पोहोचते. मोठ्या बोटीवरून मी हे कधीही अनुभवले नव्हते.

जेवणाची पाकिटे मी घेतली नाहीत. भाजणी, पिठल्याचे पीठ आणि मेतकूट घरूनच नेले. या अरण्यात अन्नाच्या काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे नेण्यास बंदी असल्याने लोणचे प्लॅस्टिकच्या डबीत काढून घ्यावे लागते. अस्वलांपासून अन्न सुरक्षित ठेवण्याचे पिंप भाड्यात होते आणि ते चांगल्या स्थितीत होते.

नावेचे भाडे दिवसाला सुमारे ५० डॉलर पडले आणि ते मला योग्य वाटले. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशस्थानी दिवसाला ठरावीकच परवाने मिळतात, त्यामुळे आधी परवाना आणि मग नाव असा क्रम ठेवावा. एकट्याच्या केव्हलार नावा दुकानांकडे मोजक्याच असतात. फोन करताना नावेचे वजन आणि जुवाची स्थिती दोन्ही विचारावीत, आणि ताब्यात घेताना जू बसवून, नाव खांद्यावर घेऊन दुकानाच्या अंगणात शंभर पावले चालून पाहावे. पुढच्या जूनसाठी मी याच दुकानात, याच नावेसाठी नाव नोंदवले आहे.