जुनी निक्कॉर २०० मिमी एफ/४ आणि कवडीपाटच्या चार सकाळी

निकॉनची ‘निक्कॉर’ नावाने निघालेली २०० मिमी एफ/४ एआय ही हाताने फोकस करायची टेलिफोटो लेन्स १९७७ सालची आहे. नावातल्या ‘एआय’चा सध्याच्या एआयशी काडीचाही संबंध नाही, लेन्सचे मोठ्यात मोठे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक) किती आहे, हे कॅमेऱ्याला कळवणाऱ्या यांत्रिक जोडणीचे ते नाव आहे. ही लेन्स मी साडेपाच हजार रुपयांना जुनी विकत घेतली आणि जानेवारीतल्या चार सकाळी डी७२०० या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्ष्यांवर वापरून पाहिली.

घडणीबद्दल फार लिहायला नको. सगळे अंग धातूचे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, फिल्टर ५२ मिमीचा आणि हूड, म्हणजे ऊन अडवणारी नळी, लेन्समधूनच पुढे ओढून काढायचा, त्यामुळे तो घरी विसरण्याची सोय नाही. फोकसची कडी मात्र मुद्दाम सांगण्याजोगी आहे. २ मीटरपासून अनंतापर्यंत ती बराच वेळ फिरत राहते, मध्ये कुठे अडत नाही की ढिली पडत नाही, आणि या लांब फिरण्यामुळेच पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस नेमका आणून थांबवता येतो.

कॅमेरा कोणता, हा प्रश्न लेन्सइतकाच महत्त्वाचा आहे. डी७२००च्या माउंटभोवती, म्हणजे लेन्स बसते त्या जागेभोवती, एक बारीक खाच असलेली फिरती कडी आहे, ती लेन्सच्या ॲपर्चर रिंगशी जुळते. मेनूत ‘नॉन-सीपीयू लेन्स’ या ठिकाणी २०० आणि ४ हे आकडे भरले, की प्रकाशमापन आणि ए मोड (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) दोन्ही व्यवस्थित चालतात. डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांना ही कडी नसल्यामुळे लेन्स बसते, पण मीटर बंद पडतो आणि एक्स्पोजर अंदाजाने ठरवावे लागते. सेन्सर लहान असल्याने दृश्याचा कोन ३०० मिमीच्या लेन्सइतका अरुंद होतो. पक्ष्यांसाठी तो फायदाच, परंतु कंपन सावरणारी यंत्रणा लेन्समध्येही नाही आणि कॅमेऱ्यातही नाही, म्हणून १/५०० सेकंदाच्या खाली मी सहसा गेलो नाही.

पहिल्या सकाळी निम्म्याहून अधिक फोटो वाया गेले. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी हिरवा ठिपका पेटला की फोकस साधला, असे पुस्तिका सांगते. परंतु ५ मीटरवर एफ/४ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १० सेंटीमीटरची असते, आणि ठिपका पेटल्यापासून बोट दाबेपर्यंत दगडावरचा वंचक मान तेवढी सहज पुढे काढतो. दुसऱ्या दिवसापासून मी ठिपक्याशेजारी दिसणाऱ्या बाणाच्या दिशेने कडी हळूहळू फिरवत, ठिपका पेटण्याच्या बेतात असतानाच तीन-चार फोटो सलग काढू लागलो. खंड्याच्या बाबतीत काम आणखी सोपे झाले: जलपर्णीतून वर आलेल्या एकाच काटकीवर तो पुन्हापुन्हा येऊन बसत होता, तेव्हा काटकीवर आधीच फोकस करून ठेवला आणि कडीला हातच लावला नाही. उडणाऱ्या चक्रवाकांपुढे मात्र मी सपशेल हरलो. चार दिवसांत त्यांचा एकही धड फोटो मिळाला नाही, आणि सरावाने त्यात फार फरक पडेल असे मला वाटत नाही.

एफ/५.६ला ही लेन्स काय देते, ते खंड्याच्या छातीवर दिसते. २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के मोठा केला, तरी पांढऱ्या पिसांची कड आणि चोचीवरचा ओरखडा वेगवेगळे ओळखू येतात. एफ/४ला हेच चित्र किंचित दुधाळ होते. खरा दोष रंगांच्या कडांचा आहे: काळसर पाण्यापुढे उन्हात उभ्या असलेल्या बगळ्याभोवती जांभळी-हिरवी रेघ उमटते, कारण या लेन्समध्ये असे रंग फाकू न देणारी ईडी काच नाही. सॉफ्टवेअरने ती बरीचशी जाते, पूर्ण जात नाही.

सोबत एम४२ आट्यांची, म्हणजे कॅमेऱ्यावर स्क्रूसारखी फिरवून बसवायची, जुनी पेंटाकॉन १३५ मिमी लेन्सही नेली होती. निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डी७२००सारख्या कॅमेऱ्यावर) तिचा नाद सोडलेला बरा. एम४२मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी, तर निकॉनमध्ये ४६.५ मिमी, एवढ्या एका मिलिमीटरपायी दूरचे काहीच फोकसमध्ये येत नाही, आणि काच बसवलेला अडॅप्टर लावला की चित्र पुसट होते. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात हेच अंतर १६ ते २० मिमी असल्याने साध्या अडॅप्टरलाही जागा उरते, शिवाय व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र मोठे करून फोकस तपासता येतो.

विकत घेताना टॉर्च जवळ असू द्यावी. मला आधी दाखवलेली प्रत ‘एकदम क्लीन’ म्हणून सांगितली होती. मागून उजेड टाकल्यावर आतल्या काचेच्या काठाला कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसले, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते वाढतच जातात. मागचा छोटा खटका दाबून सोडावा. ॲपर्चरची पाती लगेच परतली नाहीत, तर त्यांच्यावर तेल उतरले आहे असे समजावे. मी घेतलेल्या प्रतीत काच आणि पाती दोन्ही निर्दोष होती, फक्त पुढच्या कडेला पोचा होता. त्यापोटी पाचशे रुपये कमी झाले, आणि आता तिच्यावर एकही फिल्टर बसत नाही.