उंची १५२ सेंटीमीटर

माझी उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर आहे. माझ्या कपाटात जपून ठेवलेल्या, वजन उतरवण्याच्या एका क्लबच्या गुलाबी कार्डावर मात्र निळ्या शाईत ‘उंची १५२’ असे लिहिलेले आहे. या आठ सेंटीमीटरांच्या फरकापायी मी ४८,८०० रुपये भरले आणि तो फरक माझ्या लक्षात यायला सात महिने लागले. माझ्या वयाच्या मुलामुलींनी तरी असे कार्ड हातात पडताच वाचावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या वेळी मी वीस वर्षांची होते आणि सांगलीत विश्रामबागेत दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते. घर तासगाव तालुक्यात, द्राक्षबागेचे. एप्रिलमध्ये मावसबहिणीच्या लग्नात एक काकू सहज म्हणाल्या, “अंग भरलंय हं तुझं,” आणि मग लग्नाचे फोटो पाहताना मला त्यात स्वतःच्या दंडांखेरीज काही दिसेना. पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी फिरायला गेले असताना एका बाईंनी ‘मोफत बॉडी चेकअप’चा कागद हातात दिला. आधीच दुखऱ्या जागेवर कोणी बोट ठेवले की माणूस किती निमूटपणे मागे जातो, हे मी तेव्हा शिकले.

चेकअपचा तो क्लब म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावरचा भाड्याचा हॉल होता. भिंतीभर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सकाळी साडेसहाला टाळ्या वाजवत सुरू होणारा कार्यक्रम. कोरफडीचे पाणी, एक कोमट पेय आणि मग पावडरीचा शेक, असे तीन ग्लास सर्वांना मिळत. कोच ताईंनी मला अनवाणी पायांनी काचेच्या वजनकाट्यावर उभे केले, काही बटणे दाबली आणि कार्डावर आकडे लिहीत सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “बाळा, तू वीस वर्षांची आहेस, पण तुझं शरीर अडतीस वर्षांचं झालंय. आता लक्ष दिलं नाहीस तर लग्नानंतर फार जड जाईल.” त्या खोलीत अनोळखी पंधरा-वीस माणसे माझ्याकडे पाहत होती. मी तिथल्या तिथे महिन्याच्या पॅकेजचे ६,८०० रुपये भरले.

त्या यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे. असा काटा प्रत्यक्षात दोनच गोष्टी मोजतो. एक म्हणजे वजन आणि दुसरी म्हणजे तळपायातून सोडलेल्या अतिशय सौम्य विद्युतप्रवाहाला शरीराकडून होणारा विरोध. चरबीचे प्रमाण, स्नायू, ‘शरीराचे वय’ हे बाकीचे सारे आकडे त्या दोन मोजमापांवरून आणि आपण यंत्रात भरलेल्या उंची, वय व लिंग यांच्या आधारे हिशेब करून काढलेले असतात, त्यामुळे उंची कमी भरली की माणूस कागदावर आपोआप लठ्ठ होतो. माझे वजन ५८ किलो होते. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. माझ्या खऱ्या उंचीने तो २२.७ येतो आणि भारतीयांसाठी २३ च्या आतला बीएमआय सामान्य समजला जातो. १५२ सेंटीमीटर धरले की तोच आकडा २५.१ होतो, म्हणजे आपल्याकडच्या निकषांनुसार थेट लठ्ठपणा. कॉमर्सची विद्यार्थिनी असूनही मी हा दोन ओळींचा भागाकार करून पाहिला नाही, याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

दहा दिवसांनी ‘रिझल्ट’ काढायचा होता. या वेळी ताईंनी भिंतीवरच्या टेपने माझी उंची नीट मोजली, १६० भरली आणि बीएमआय २२.१ आल्याचे जाहीर केले. टाळ्या वाजल्या आणि माझा फोटो भिंतीवर गेला. वजन खरोखरच एक किलो चारशे ग्रॅमने उतरले होते, पण त्यातले बरेचसे पाणीच असावे. भाकरी, भात एकदम बंद केले की यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन वापरले जाते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. म्हणून उपासमारीच्या कोणत्याही पद्धतीत पहिला आठवडा चमत्काराचा वाटतो. दुसऱ्या महिन्यात काटा हलेनासा झाला. त्यासाठी पुन्हा ६,८०० रुपयांच्या पॅकेजबरोबर १,२०० रुपयांचा ‘डिटॉक्स चहा’ सुरू झाला.

शेकच्या पावडरीच्या डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दाखवून ताई म्हणत, “हे सरकारमान्य आहे.” तो क्रमांक खाद्यपदार्थाचा धंदा करण्याचा परवाना असतो. त्या पावडरीने वजन उतरते की नाही, हे सरकारने तपासले असल्याचा तो दाखला नव्हे. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापलेले होते आणि क्लबात मात्र थायरॉइडपासून पीसीओडीपर्यंत सर्व काही बरे होत होते. दावे तोंडी करायचे आणि छापील मजकूर स्वच्छ ठेवायचा, ही त्यामागची हुशारी होती. लठ्ठपणा घालवण्याचा किंवा उंची वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायविरोधी कायद्याने बंदी आहे आणि खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शेकच्या किमतीचाही हिशेब मी फार उशिरा केला. २,१०० रुपयांच्या डब्यात वीस वेळची पावडर होती आणि एका वेळच्या पावडरीत नऊ ग्रॅम प्रथिने. म्हणजे १०५ रुपयांना नऊ ग्रॅम. तेवढीच प्रथिने पंचेचाळीस ग्रॅम फुटाण्यांतून मिळतात आणि त्याला दहा रुपयेही लागत नाहीत. आमच्या घरी मटकीची उसळ, शाळूची भाकरी आणि ताक असे जेवण रोज असायचे, आणि तेच सोडण्यासाठी मी पैसे भरत होते.

तिसऱ्या महिन्यात ताईंनी मला ‘स्वतःचा व्यवसाय’ सुचवला. माल घेतला की सवलत मिळणार, आपण आणलेल्या प्रत्येक माणसामागे कमिशन मिळणार, आणि सहा महिन्यांत कॉलेजची फी आपली आपण भरता येणार, असे चित्र होते. फीसाठी बाबांनी पाठवलेल्या रकमेत साठवलेले पैसे घालून मी ३४,००० रुपयांचा माल घेतला. लेखी करार, पावती, माल परत करण्याची अट, यांतले काहीही मागितले नाही. थेट विक्रीसाठी २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या नियमांनुसार विक्रेत्याशी लेखी करार करणे बंधनकारक आहे आणि माणसे जोडण्यावर चालणाऱ्या साखळी योजनांना मनाई आहे.

इथून पुढचे लिहिणे मला जड जाते. खोलीतली माझी एक मैत्रीण मीच क्लबात नेली. माझे अक्षर चांगले म्हणून नव्या लोकांची कार्डे लिहायचे काम माझ्याकडे आले होते. ताई काट्याजवळून आकडे सांगत आणि मी लिहीत असे. मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली उंच, पाच फूट पाच इंच आहे. ताईंनी “उंची १५२” असे सांगितले आणि ते मी तिच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिले. माझ्या हाताने लिहिलेला आकडा डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या मुलीशी जुळत नाही, हे मला दिसले नाही. तिने पॅकेजचे ६,८०० रुपये तिच्या आईच्या भिशीतून आणले होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी उठताना भिंतीचा आधार घेत होते. दिवसातून चार वेळा शौचाला जाणे हे शरीर ‘स्वच्छ’ होत असल्याचे लक्षण आहे, असे मला सांगितले गेले होते. आजीने चहाची पुडी फोडली, चिमूटभर पाने तळहातावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, “अगं, ही सोनामुखी हाय. आम्ही पोट धरलं तर एखाद्या रात्री घ्यायचो. तू रोज पितीस व्हय?” वेष्टणावर घटकांत ते नाव खरोखरच छापलेले होते. सोनामुखी हे जुलाबाचे औषध आहे आणि त्याने चरबी नव्हे, तर पाणी आणि क्षार बाहेर पडतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम कमी निघाले. त्यांनी चहा बंद करायला आणि जेवायला सांगितले आणि भिंतीशी उभे करून माझी उंचीही मोजली. केसपेपरवर १६० लिहिलेले पाहिले आणि सांगलीला परतल्यावर मी पहिल्या दिवशीचे आणि ‘रिझल्ट’चे अशी दोन्ही कार्डे शेजारी ठेवली.

ओळखीच्या आणखी चौघांची पहिली कार्डे मागून पाहिली. पाचच्या पाच जणांची, एका पावणेसहा फुटी मुलाचीसुद्धा, पहिल्या दिवशीची उंची १५२ होती. ताई म्हणाल्या, “मशीनमध्ये आधीचं सेटिंग राहिलं असेल,” आणि त्या रात्रीच मला क्लबच्या ग्रुपमधून काढण्यात आले.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, कार्डांची छायाचित्रे जोडली आणि न फोडलेल्या डब्यांची यादी दिली. यूपीआयने पैसे दिलेले असल्यामुळे पावती नसतानाही नोंद सापडली. रोख दिले असते तर तीही नसती. दीड महिन्याने न फोडलेल्या डब्यांचे २१,००० रुपये परत मिळाले, बाकीचे गेले. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, पण परीक्षा तोंडावर असल्याने मी तिथवर गेले नाही. जायला हवे होते, असे आता वाटते.

बाबांना मी सर्व सांगितले. ते रागावले नाहीत, फक्त फीची तारीख विचारली. मैत्रिणीचे ६,८०० रुपये मी सातवीच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन फेडत आहे. ती पैशांबद्दल काही बोलत नाही, पण मेसमध्ये भात वाढायला आले की तिचा हात अजून ताटावर आडवा येतो. तिचे दोन हप्ते द्यायचे राहिले आहेत.