सही केलेलं प्रूफ मीच परत पाठवलं

हे लिहायला मला सात महिने लागले. राग तर होताच, पण त्याहून लाज जास्त. चौदा वर्षं फोटो काढतेय, दुसऱ्यांच्या प्रिंटमधल्या रेघा लांबून ओळखते, आणि माझ्याच २४ प्रिंटमध्ये ठार आंधळी झाले.

प्रदर्शनासाठी एका लॅबला दिलेली ऑर्डर अशी होती: ए-२ आकाराचे २४ प्रिंट, ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) शंभर टक्के कॉटन रॅग, म्हणजे कापसाचा कागद, ब्राइटनर (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन) नसलेला, पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची. सगळं लेखी. पैसे ६० टक्के आगाऊ, उरलेले ४० टक्के माल निघण्याआधी. म्हणजे माल डोळ्यांनी बघायच्या आत १०० टक्के त्यांच्या खिशात. कळतंय मला, आता कळतंय. पण त्याआधी प्रूफ, म्हणजे नमुन्याचा एक प्रिंट, आलं होतं ना!

आणि प्रूफ खरोखर देखणं होतं. म्हाताऱ्या हातांचा फोटो. अंगठ्याखालच्या काळोखातसुद्धा कातडीच्या सुरकुत्या सुट्या दिसत होत्या. ५००० केल्विनच्या दिव्याखाली धरून बघितलं, मागे सही केली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याचा निरोप: "ताई, प्रूफ परत पाठवा, अख्खा लॉट त्याच्याशीच जुळवून काढतो."

इथे. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण छपाईत सही केलेलं प्रूफ मशीनशेजारी ठेवतातच, त्यामुळे मागणी मला उलट चोख वाटली. उत्साहाने, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, स्वतःच्या खर्चाने पाठवलं. चांगल्या कागदाचा एकमेव पुरावा माझ्या हातून गेला. प्रूफ नेहमी दोन काढून घ्या, सही दोन्हींवर करा, एक स्वतःकडे ठेवा. त्याचे जे काय जादा पैसे होतील ते द्या.

लॉट आला तेव्हा प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. पहिला प्रिंट कोपऱ्याला धरून उचलला तर तो लवला. ३०८चा कागद असा मान टाकत नाही, हे माझ्या बोटांना माहीत होतं. डोक्याने मात्र भलतंच काढलं: कागद किती पांढराशुभ्र आहे! लगेच निरोपही पाठवला, "अप्रतिम! रंग अगदी प्रूफसारखे!" प्रूफ जवळ नसताना. हा निरोप पुढे माझ्याच गळ्यात अडकला.

तो पांढरेपणा ब्राइटनरचा होता. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारला की असा कागद निळसर चमकतो. ब्राइटनर नसलेला कॉटन निस्तेजच राहतो. टॉर्च माझ्या ड्रॉवरमध्ये होता! मारला पाच महिन्यांनी, जेव्हा विकलेल्या ११ प्रिंटपैकी ७ जणांचे फोटो यायला लागले. किरमिजी उडालेला, काळ्यावर हिरवट झाक. त्यांनी काच लावली नव्हती, कारण मीच सांगितलं होतं की गरज नाही. मला लॅबवाल्याने सांगितलं होतं.

मग घरातल्या वजनकाट्यावर एक प्रिंट ठेवला. ए-२चं क्षेत्रफळ जवळपास पाव चौरस मीटर, म्हणजे ३०८ जीएसएमचा कागद ७७ ग्रॅम भरायला हवा. काट्याने दाखवले ४५. हिशेब करा, १८० जीएसएम. उरलेल्या एकाच्या कडेला पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवलं, तर बोट निळं. पिगमेंट शाई मॅट कागदावर अशी वाहून येत नाही, ही सरळ स्वस्तातली डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारी शाई होती. वजन आणि थेंब, दोन्ही मिळून तीन मिनिटं. पॅकिंग फोडल्याफोडल्या करा, प्रदर्शन उद्या असलं तरी.

सोबत २४ प्रमाणपत्रं होती, होलोग्राम चिकटवलेली, "अस्सल जिक्ले" असं छापलेली. जिक्ले हा काही दर्जाचा शिक्का नाही. १९९१मध्ये जॅक डुगान यांनी इंकजेट म्हणायला नको म्हणून हा शब्द काढला, आणि त्या काळातल्या आयरिस नावाच्या इंकजेट प्रिंटरच्या सुरुवातीच्या शायाही लवकर उडायच्या. हे मला ठाऊक होतं. तरी होलोग्राम बघून बरं वाटलं. प्रमाणपत्र मागूच नका. कागदाच्या खोक्यावरच्या लेबलचा आणि शाईच्या कार्ट्रिजचा फोटो मागा, तुमचा प्रिंट मशीनमधून निघत असताना काढलेला.

आता तक्रारीची कथा. पोलिसांनी प्रिंट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "फोटो दिसतोय की. मग फसवणूक कसली?" मी शाई, कागद, वजन समजावत होते आणि ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मी साडीचा रंग गेला म्हणून आलेय. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात अर्जात प्रकार निवडायचा होता. छपाई नव्हतीच, म्हणून "स्टेशनरी" निवडलं. तीन आठवड्यांनी उत्तर: रंग फिका होणं ही वापरातली झीज, तज्ज्ञाचा अहवाल जोडा. अहवालासाठी मूळ प्रूफ लागेल म्हणे! पैसे ज्यांच्यामार्फत भरले त्यांनी तर एका ओळीत विषय संपवला, माल पोहोचलेला आहे आणि वादाची मुदत गेली. रंग उडायला पाच महिने लागतात हो, तुमची मुदत कोणत्या शाईने लिहिली होती? पुन्हा पोलिसांकडे गेले, तर आधीचा अर्ज कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. नव्याने लिहून दिला. दुसऱ्यांदा. पोच मात्र शिक्क्यासकट घेतली, तुम्हीही घ्या.

लॅबवाल्याने माझा "अप्रतिम!" सगळ्यांना पाठवला. त्याच्याकडून एक पैसा आला नाही. मी सातही जणांना पूर्ण पैसे परत केले, उरलेल्या चौघांना स्वतःहून कळवलं, त्यातल्या दोघांनी प्रिंट परत दिले. एकूण ९. आता दुसरीकडे छापून घेतेय, दर पाच प्रिंटमागे पैसे, एकगठ्ठा नाही.

त्याच्या जाहिरातीत माझं ते वाक्य अजून आहे, नावासकट, म्हाताऱ्या हातांच्या फोटोखाली. काढा म्हणून चार वेळा लिहिलं. फोटोत दिसतंय ते माझं सही केलेलं प्रूफ आहे.