दादाचं डे केअर सेंटर, आठ महिन्यांनंतर (साडेतीन स्टार)

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, एकोणीस वर्षं झाली, आता तो 41 चा. गेले आठ महिने तो पुण्यातल्या, मानसिक आजार असलेल्यांसाठीच्या एका डे केअर सेंटरला जातोय. नाव मुद्दाम टाकत नाहीये, खाली तक्रारी पण आहेत आणि तिथे माणसं मोजकी, लगेच कळेल कोणी लिहिलंय. पण सेंटर शोधताना काय बघायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

लोकांना एकच प्रश्न असतो, नसलेले आवाज ऐकू येतात का? अहो, आवाज आणि संशय गोळ्यांनी खूप कमी झालेत, आमचा प्रॉब्लेम दिवसाचा आहे. साडेअकराला उठणार, चहा, गॅलरीत सिगरेट, जेवण, परत झोप, संध्याकाळी टपरी, रात्री टीव्ही चालू पण लक्ष भलतीकडेच. काही करावंसंच न वाटणं हे याच आजाराचं लक्षण, त्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे आम्हाला कळायला दहा वर्षं गेली, तोवर आई दिवसातून चाळीस वेळा "अरे काहीतरी कर" आणि बाबा "आळशी आहे".

सेंटर साडेदहा ते साडेचार, सोमवार ते शुक्रवार. थोडा व्यायाम, मग पेपर, एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे मधे मधे बोलतात (राजकारणावरून जाम वाजतं). मग काम, कागदी पिशव्या, पाकिटं, दिवाळीच्या आधी पणत्या रंगवणं आणि उटणं भरणं. डबा घरचा. दुपारी कॅरम, बुधवारी गटचर्चा. इथे पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात आणि आपण घरचे म्हणजे शुभंकर. मला आधी ते जरा जास्तच गोडगोड वाटलं, आता माझ्याच तोंडात बसलंय.

पहिला महिनाभर दादा आतच गेला नाही, जिन्यात बसून राहायचा. कोणी ओढलं नाही की समजावलं नाही, तिथल्या ताईंनी फक्त एक खुर्ची आणून ठेवली. पाचव्या आठवड्यात तो स्वतःच आत गेला आणि पिशव्या मोजायला लागला. चिकटवत नाही हं, गम हाताला लागलेला आवडत नाही त्याला, फक्त 25-25 चे गठ्ठे करतो आणि चुकत नाही. यासाठी तीन स्टार.

आता तक्रारी. पावणेअकरानंतर पहिल्या सेशनला घेत नव्हते. अरे, रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत उतरत नाही हे तुम्हालाच माहीत नसेल तर कोणाला? शुभंकरांच्या मीटिंगमध्ये चौघांनी आवाज केल्यावर आता सव्वाअकरा केलंय. दिवाळीत नऊ दिवस सलग बंद होतं, आमची बसलेली सगळी घडी विस्कटली, परत बसायला तीन आठवडे लागले. फी 4500 आणि रिक्षा वेगळी. आणि बावीस वर्षांच्या पोराला पण पिशव्याच, पंचावन्नच्या काकांना पण पिशव्याच. तो पोरगा एक्सेल शिकवा म्हणत होता, शेवटी कंटाळून सोडून गेला.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र सिगरेटची. आवारात बंदी आहे, चांगलंच आहे, दादा वीसवरून सहा-सातवर आला, आम्ही खूश. पण तो क्लोझापीनवर आहे (याच आजाराचं औषध) आणि सिगरेटच्या धुराने ते औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणजे सिगरेट एकदम कमी केली की तोच डोस रक्तात जास्त साचतो. हे सेंटरमध्ये कोणी बोललंच नाही. दादाची उशी लाळेने ओली व्हायला लागली, बसल्या बसल्या झोपायचा, आम्हाला वाटलं आजार वाढला. सायकियाट्रिस्टनी पहिला प्रश्न सिगरेटचाच विचारला आणि डोस कमी करून दिला. तुमच्याकडे कोणी सोडत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

दिव्यांग सर्टिफिकेटसाठी मात्र मदत चांगली. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हा आजार येतो, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं की फायदे मिळतात, फॉर्म तिथल्या सोशल वर्करनी शेजारी बसून भरून घेतला, अर्धा स्टार त्याचा.

कुठलंही सेंटर बघायला जाल तेव्हा तिथलं रोजचं काम चालू असताना जा. आम्ही पहिल्यांदा शुक्रवारी दुपारी गेलो तर साफसफाई चालू होती, सगळे झाडू घेऊन, आणि दादा दारातूनच मागे फिरला होता.