हलकीफुलकी प्रेमकथा: छापील पुस्तक घ्यावं, मोबाइलवर वाचावी की कानाने ऐकावी?

विनोदी प्रेमकथेचा शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो. ती आणि तो आधी भांडणार, मग एकमेकांवाचून करमेनासं होणार, मध्येच काहीतरी बिनसणार आणि शेवटी लग्नाचा मांडव उभा राहणार. शेवट असा ठरलेला असतो म्हणूनच मधल्या गैरसमजांवर निर्धास्त हसता येतं. ती खात्री काढून घेतली की तेच गैरसमज जीव खायला लागतात. त्यामुळे बचत गटासाठी, गावच्या वाचनालयासाठी किंवा स्वतःसाठी निवड करताना किंमत आणि सोय नंतर बघावी. आधी बघावं ते हे, की गोष्ट संपणार आहे का आणि ती संपवणं आपल्या हातात आहे का.

साधारण 200 पानांची कादंबरी धरली तर दोघांची पहिली गाठ 20-25 पानांत पडायला हवी. निम्म्यापर्यंत ओढ लागते, 150व्या पानाच्या आसपास मोठं बिनसतं आणि उरलेल्या 50 पानांत उलगडा होतो. हे गणित कुठे ताणलं की आधी विनोद मरतो. दुसरी कसोटी, हसू कोणाच्या जिवावर उभं आहे. नायिका धांदरट चालेल, तिची भाजी करपली तरी चालेल, पण तोंडाने ती कमी नसावी. बघायला आलेले पाहुणे शेती किती, विहिरीला पाणी किती असं विचारत बसले, की तिनं म्हणावं, ‘‘काऊन जी, पोरगी पाहून राहिले का सातबारा?’’ घरात जे उत्तर जिभेवर येऊन गिळावं लागतं, ते ही पोरगी देऊन मोकळी होते. आणि नायक त्यावर चिडत नाही, हसतो. बायकांना या प्रकाराची ओढ लागते ती इथे. नायकाच्या मोठ्या गाडीचा त्यात फार वाटा नाही.

छापील पुस्तक आणि मोबाइलवरची मालिका

खरा सामना या दोघांत आहे, कारण बहुतेकींपुढे हेच दोन पर्याय असतात.

200 पानी मराठी कादंबरीत अंदाजे 50 ते 55 हजार शब्द येतात. तासाला 30-35 पानं वाचणारी बाई ती सहा-सात तासांत संपवते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या ऐन तापलेल्या दिवसांत, दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा दोन दुपारी पुरतात. लाइन गेली तरी पुस्तक थांबत नाही. खर्चाचं म्हणाल तर 250 रुपयांचं पुस्तक दहा जणींच्या गटात फिरलं की प्रत्येकीला 25 रुपये पडतात.

अडचणी वेगळ्याच आहेत. स्वस्त पुस्तकाची पाठ नुसती चिकटवलेली असते, शिवलेली नसते. टिनाच्या छपराखाली किंवा पत्र्याच्या पेटीत उन्हाळा काढला की तो चिकटा दगा देतो आणि पानं सुटतात. बरेचदा आधी शेवटचीच सुटतात, म्हणजे ज्यासाठी वाचायचं तेच नेमकं हरवतं. पुस्तक फिरवायला काढण्याआधी प्लास्टिकचं कव्हर घालावं आणि शेवटचं पान जागेवर आहे ना, हे परत घेताना बघावं. अक्षराचा आकार दुकानातच हातभर अंतरावर धरून तपासावा. चाळिशीच्या पुढच्या वाचकिणी पुस्तक अर्ध्यात सोडतात त्याला कंटाळ्याइतकंच बारीक अक्षरही कारण असतं.

शिवाय माल कमी आहे. वाचनालयाच्या कपाटात सामाजिक, ऐतिहासिक आणि रहस्यकथा भरपूर असतात. हसवणारी आणि तरीही प्रेमाची अशी कादंबरी शोधावी लागते. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान तोकडं, त्यामुळे वर्षाची खरेदीही थोडी. खरेदीच्या आधी चार-पाच सभासद बायकांनी मिळून लेखी मागणी दिली तर यादीत बदल होऊ शकतो. एकटीची तोंडी मागणी कोणाच्या लक्षात राहत नाही.

मोबाइलवर मालाची टंचाई नाही. प्रतिलिपी हे गोष्टी लिहिण्या-वाचण्याचं ॲप 2014 मध्ये सुरू झालं आणि मराठीत तिथे रोज नवे भाग येतात. एक भाग हजार-दीड हजार शब्दांचा, म्हणजे आठ-दहा मिनिटांचा. वरण शिजेपर्यंत वाचून होतो. पुष्कळसं फुकट, आणि पुढचा भाग लगेच हवा असेल तर ॲपमधली नाणी किंवा वर्गणी. छापील पुस्तकात क्वचित भेटणारी वऱ्हाडी बोली इथे दिसते, ‘पोट्टे’, ‘बाप्पा’, ‘येऊन राहिली’ सकट. तेवढ्यासाठी तरी इथे डोकवावं.

पण या प्रकारच्या गोष्टीला मालिकेचा साचा मानवत नाही. वाचक रोज परत यावा म्हणून प्रत्येक भाग अडकवून संपवावा लागतो. दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटं बोललं तर मिटेल असा गैरसमज मग 30 भाग चालतो. शंभर भागांची मालिका एक ते दीड लाख शब्दांची होते. शब्द दोन-तीन कादंबऱ्यांचे आणि मजकूर एकीचा. पुढे पुढे नायकही बदलतो. सुरुवातीला थट्टेखोर असलेला पोरगा अब्जाधीश होतो, कराराचं लग्न लावतो, मनगट धरून ओढतो आणि त्यालाच प्रेम म्हटलं जातं. वर शिक्का ‘विनोदी’ असला तरी आत हसण्यासारखं काही उरत नाही. काही मालिका तर लिहिणारीच अर्ध्यात सोडते.

यावर उपाय आहे. मालिका पूर्ण झालेली असेल तरच हातात घ्यावी. भाग चाळीस-पन्नासच्या आत असावेत. शेवटच्या भागाखालच्या प्रतिक्रिया आधी वाचाव्यात. शेवट कळला तर काही बिघडत नाही, तो तसाही ठाऊकच असतो. त्यातून एवढंच बघायचं की वाचकिणी समाधानी आहेत की ‘पुढचा भाग कधी’ विचारत आहेत. नंतर मधला कुठलाही एक भाग उघडावा. त्यात नायिका एकही वाक्य चटपटीत बोलत नसेल तर सोडून द्यावी.

घरातला फोन संध्याकाळी पोराकडे जातो हेही धरावं. ॲपच्या सूचना बंद केल्या नाहीत तर प्रकरणाची नावं त्याच्यापुढे झळकतात. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं की काम भागतं. आणि एक फरक गावात जाणवतोच: पुस्तक घेऊन बसलेली सून ‘वाचते’, फोन घेऊन बसलेली ‘मोबाइलच पाहत राहते’, दोघींची गोष्ट एकच असली तरी.

आमचा कौल सरळ आहे. आवड आहे की नाही हे कळायला मालिका, आवड पक्की झाली की छापील.

कानाने ऐकायची कादंबरी

कापूस वेचताना दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे. श्राव्य कादंबरीसाठी याहून चांगलं काम नाही. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकण्याचं ॲप 2017 पासून भारतात आहे आणि त्यात मराठी आहे. मिनिटाला 120 शब्दांच्या गतीने 55 हजार शब्दांची कादंबरी साडेसात तास चालते, म्हणजे वेचणीचे दीड-दोन दिवस. साध्या प्रतीच्या (64 केबीपीएस) ध्वनीला तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणून पूर्ण पुस्तकाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास धरावं. वावरात रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा आदल्या रात्री गावातच उतरवून घ्यावं.

विनोदाचं यश इथे वाचून दाखवणाऱ्याच्या हाती जातं. टोल्याच्या आधी क्षणभर थांबता आलं पाहिजे. म्हणून नमुना पाच मिनिटं ऐकावा आणि तोही संवादाचा. वेग वाढवून ऐकू नये, थांबे गेले की विनोद जातो. इअरफोन एकाच कानात घालावा. साप, ट्रॅक्टर आणि सोबतिणीची हाक या तिन्हींसाठी दुसरा कान लागतो. पूर्व विदर्भातल्या भाताच्या रोवणीत हा पर्याय बाद, चिखलपाण्यात फोन नेऊ नये. आणि टोळीत बायका गप्पा मारत वेचत असतील तर एकटीनं कान बंद करणं शिष्टपणाचं दिसतं. तिथे विचारून स्पीकरवर लावलेलं बरं.

वर्गणीत एक खाच आहे. फुकट दिवस संपले की यूपीआयच्या ऑटोपेतून पैसे आपोआप कटतात आणि ॲप काढून टाकलं तरी कटत राहतात. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द करावी लागते. वेचणीचे दोन-तीन महिने वर्गणी भरावी, नंतर बंद करावी. वर्षभराची घेण्यात आमच्या मते अर्थ नाही.

दिवाळी अंक

1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकापासून सुरू झालेली ही परंपरा, पण आपल्या कामापुरतं थोडक्यात: कथा आठ-बारा पानांची, एका बैठकीत शेवट हाती. मात्र विनोदाच्या नावाखाली अजूनही बायकोच्या वजनावरचे आणि माहेरावरचे विनोद बरेच असतात. अनुक्रमणिका पाहूनच अंक घ्यावा. ऐन दिवाळीत सोयाबीन आणि कापसाच्या घाईत वाचायला सवड नसतेच, तेव्हा डिसेंबरात उरलेले अंक सवलतीत मिळाले तर तेच घ्यावेत.

पुस्तक आणायचं कसं

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी काही काम निघालं की पुस्तक स्वतः चाळून आणणं सर्वांत बरं. दुकानात पहिली दहा पानं आणि मधलं एक पान वाचावं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, बिलात पुस्तकाच्या किमतीवर तो लावलेला दिसला तर विचारावं.

टपालाने मागवायचं तर 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, त्यामुळे तुमची कादंबरी त्यात बसते का हे पाठवणाऱ्याला आधी टपाल कार्यालयात विचारायला सांगावं. नियतकालिकं आणि जाहिरातींचा मजकूर त्यात चालत नाही, म्हणून दिवाळी अंक यातून येणार नाहीत. 200 पानी पुस्तक साधारण पाव किलोचं भरतं. एकेक मागवण्यापेक्षा गटानं पंधरा-सोळा पुस्तकांची यादी करून एकच गठ्ठा मागवला तर कर सोडून पुस्तकामागे टपालखर्च सहा-सात रुपयांवर येतो. हा गठ्ठा जमिनीवरच्या वाहतुकीने येतो, वेळ लागतो. उन्हाळ्यात वाचायचा असेल तर मार्चमध्येच सांगून ठेवावं.