२ रुपयांची ट्रायल घेतली आणि ५,९९८ रुपये गेले

बाबांचं वर्षश्राद्ध १४ मेला होतं. घरात जुना टॅब पडून होता, त्यावर त्यांचे फोटो फिरते ठेवावेत एवढंच मनात होतं. मोबाईलवर एका ॲपची जाहिरात दिसली. गॅलरीतले फोटो, गाणं लागलं की त्याच्या अल्बमचं कव्हर, फेसबुकवर नातेवाइकांनी टाकलेलं सगळं, एकाच पडद्यावर. तीन दिवसांची ट्रायल फक्त २ रुपयांत. ८ मेच्या रात्री घेतलं.

ट्रायलची गोम आता सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होती, म्हणूनच जास्त चीड येते. यूपीआयच्या पडद्यावर वर ठळक २ रुपये होते आणि खाली बारीक अक्षरांत 'ऑटोपे' (म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापायची मंजुरी), 'दर आठवड्याला', 'कमाल १,४९९ रुपये'. मी ते वाचलं होतं! पुढे कधी मोठा प्लॅन घेतला तर लागतील, असा अर्थ मी स्वतःच लावला आणि पिन टाकला. पैसे घेणाऱ्याचं नाव ॲपच्या नावापेक्षा वेगळं होतं, तेही दिसलं होतं. पण गुरुजींचे फोन, पाहुण्यांची सोय, आईची घालमेल... अशा वेळी माणूस २ रुपयांसाठी किती चौकशी करणार?

श्राद्धाच्या दिवशी बाबांचा वारीतला फोटो लागला, खांद्यावर पताका, आणि आई हातातलं ताट घेऊन तिथेच उभी राहिली. मग ॲपवर शंका कुठून येणार? २० तारखेला ते सारखं अडकायला लागलं म्हणून काढून टाकलं. ॲप काढल्याने ऑटोपे बंद होत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. ११, १८, २५ मे आणि १ जून, चार वेळा १,४९९ गेले. सुरुवातीचे २ धरून ५,९९८. एकदा मंजुरी दिली की १५,००० पर्यंतच्या अशा हप्त्यांना परत पिन लागत नाही. कापण्याआधी मेसेज आले होते, पण कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात अनोळखी कंपनीच्या नावाचा मेसेज कोण उघडतं? तुम्ही उघडा.

२ जूनला वीजबिल भरताना शिल्लक कमी दिसली. ऑटोपे लगेच रद्द केला आणि बँक गाठली. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग फसवणूक कुठे?" काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, "रक्कम लहान आहे, आधी बँकेचं पत्र आणा." बँक म्हणते, पोलिसांत दिलेली तक्रार आणा. चार हेलपाटे, दोन अर्ध्या रजा, आणि हातात एक कागद नाही. लहान रक्कम कोणासाठी? माझ्या आईच्या दोन महिन्यांच्या औषधांचे पैसे आहेत ते. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब लिहितोय, मी अडाणी नाही. २ मोठं आणि १,४९९ बारीक छापणारे सुटले, निष्काळजी मात्र मी ठरलो.

आत्ताच यूपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडून बघा, नको ते तिथूनच रद्द करा. पैसे गेले तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा; मी दोन दिवस बँकेच्या भरवशावर घालवले. आणि फेसबुकची परवानगी दिली असेल तर तीही फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी काढावी लागते. मला ती पंधरा दिवसांनी सापडली.

आई विचारते, बाबांचे फोटो का लागत नाहीत. तिला मी टॅब बिघडलाय असं सांगितलंय.