गच्चीवरची सोलर पेटी: अकरा महिन्यांनंतर

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं; म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, २१०० मिलिग्रॅम. भारतीय मानक ५०० सांगतं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आम्ही त्याच्याही वर. आरओ होता, पण निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जायचं आणि लाइट गेली की तोही बंद.

मागच्या मार्चमध्ये उन्हावर खारं पाणी गोडं करणारी एक चौरस मीटरची सोलर पेटी बसवली. आत काळा ट्रे, वर दक्षिणेकडे उतरती काच. पाणी तापतं, वाफ काचेला आतून धरते, थेंब घरंगळत पन्हळीत आणि नळीने बरणीत. झालं.

विकणाऱ्याने रोजचे पाच लिटर सांगितले होते. मे महिन्यात साडेतीन मिळाले, डिसेंबरात दोन, आणि श्रावणाच्या झडीत कधी नुसतं पेलाभर. हिशेब आधीच करायला हवा होता. लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते. चांगल्या उन्हात चौरस मीटरवर दिवसाला पाच-सहा युनिट पडतात, त्यातली अर्धी तरी काचेतून नि बुडातून निसटतात. पाच लिटर येणार कुठून? ऊन उतरल्यावरही टपटप चालू राहते, कारण काच लवकर गार होते नि ट्रेतलं पाणी गरमच असतं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की ते ऐकू येतं.

पहिला आठवडा सिलिकॉनचा वास आला, ते पाणी झाडांना घातलं. नंतर लग्नाला तीन दिवस गेलो, ट्रे कोरडा पडला, आणि मीठ असं चिकटलं की खरवडताना काळ्या रंगाचे पोपडेच निघाले. आता रोज सकाळी जुनं पाणी काढून बोटाच्या पेराएवढं नवं भरतो. दिवाळीनंतर वानरांनी काच फोडली. तालुक्याहून कापून आणली, चार दिवस गेले.

पेटीच्या पाण्याचा टीडीएस १८. आई म्हणाली, "हे तं फिक्कं लागते बाप्पा." म्हणून बरणीत अर्धा पेला बोअरचं पाणी मिसळतो. पण तुरीची डाळ! बोअरच्या पाण्यात पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक, या पाण्यात तिसऱ्या शिट्टीला लोणी. आता आई आधी डाळीपुरतं पाणी बाजूला काढते, मग आम्हाला प्यायला.

घरात पाच माणसं, एका पेटीत भागत नाही. दुसरी गावातल्याच मिस्त्रीकडून बांधून घेतोय, या वेळी काचेवर जाळी टाकून. थोडी सावली पडेल, पडू दे.